विमानाच्या पाठीवर अंतराळयान

श्रीहरिकोट्याहून अग्निबाण सुटणार असला की आता घराघरांत टीव्ही लावला जातो. उलटी मोजणी, धुराचा लोट, शास्त्रज्ञांच्या टाळ्या. पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपते. मुले विचारतात, यान चंद्रावर कसे पोहोचणार? मंगळावर किती दिवसांनी उतरणार? पण ते यान कारखान्यातून प्रक्षेपण तळापर्यंत कसे आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. यान बनते एका गावी, त्याच्या चाचण्या होतात दुसऱ्या गावी आणि ते सुटते तिसऱ्याच ठिकाणाहून. कधी या तीन गावांमध्ये समुद्र असतो, कधी अख्खा खंड. हा मधला प्रवास जमिनीवरचा असला तरी तो अंतराळातल्या प्रवासाइतकाच जोखमीचा असतो. या महिन्यात आम्ही त्याच प्रवासाची माहिती घेऊन आलो आहोत. आपल्या छत्रपती संभाजीनगरसारख्या कारखान्यांच्या शहरात, जिथे अनेक घरांतला कर्ता माणूस ट्रेलर, क्रेन किंवा गॅरेजच्या धंद्यात आहे, तिथे ही गोष्ट परकी वाटणार नाही असे आम्हाला वाटते.

तोफ नेणे आणि उपग्रह नेणे

जड वस्तू दूर नेण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ अनेकांनी पाहिली असेल. ती ओतली गेली अहमदनगरला, निजामशाहीत, सन १५४९ मध्ये. ओतणारा कारागीर होता मुहम्मद बिन हसन रूमी. पुढे ती आपल्याच मराठवाड्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली गेली. वजन सुमारे ५५ टन. ती ओढायला ४०० बैल, १० हत्ती आणि शेकडो माणसे लावली होती असे सांगतात.

आता यापुढे एक साधा दळणवळणाचा उपग्रह ठेवून पाहा. त्याचे वजन दोन-तीन टन, म्हणजे तोफेच्या विसाव्या भागाइतके. तरी तो नेणे तोफेपेक्षा अवघड. कारण तोफ वाटेत गचके खाईल, पावसात भिजेल, धूळ खाईल, एखाद्या वेळी गाड्यावरून घसरेलही. तिचे काही बिघडत नाही. उपग्रहाचे तसे नाही. त्याच्या सौर पट्ट्या पातळ असतात. त्याच्या दुर्बिणीच्या काचेवर धुळीचा थर बसला तर फोटो अंधूक येतात. हवेतला ओलावा इलेक्ट्रॉनिक भागांवर साचला तर गंज धरतो. उलट हवा फारच कोरडी झाली तर स्थिर वीज साठते आणि तिची एक बारीक ठिणगीसुद्धा सर्किट जाळू शकते. सर्वांत मोठी अडचण ही की एकदा वर गेल्यावर दुरुस्तीला मेकॅनिक पाठवता येत नाही. रस्त्यात बसलेला एक धक्का, जो वरून दिसलाही नाही, तो दोन वर्षांनी लाखो किलोमीटरवर उघडकीस येऊ शकतो.

म्हणून उपग्रहासाठी खास पेटी बनवतात. ती पेटी म्हणजे चाकांवरची स्वच्छ खोलीच. तिच्यात गाळलेली हवा किंवा कोरडा नायट्रोजन भरलेला असतो, तापमान आणि ओलावा ठरलेल्या मर्यादेत ठेवला जातो. आत यान थेट तळावर ठेवत नाहीत. तारेच्या दोराच्या स्प्रिंगांवर किंवा तशाच धक्के पिणाऱ्या आधारांवर ते तोलून धरतात. शेजारी धक्के नोंदवणारी यंत्रे असतात. कुठल्या वेळी, कुठल्या दिशेने, किती जोराचा हिसका बसला याची पूर्ण नोंद राहते. मुक्कामी पोहोचल्यावर आधी ही नोंद वाचतात, मगच पेटी उघडतात.

इथे बैलगाडीच्या त्या प्रसिद्ध फोटोबद्दल दोन शब्द. भारताचा ‘ॲपल’ नावाचा उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. तो उपग्रह जून १९८१ मध्ये युरोपच्या एरियन अग्निबाणाने अवकाशात गेला. फोटो पाहून लोक म्हणतात, बघा, गरिबीत कशी कामे केली. गरिबी होती हे खरे. पण बैलगाडी निवडण्याचे कारण वेगळे होते. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागी घ्यायची होती आणि आसपास धातू असला तर रेडिओ लहरी त्यावरून परावर्तित होऊन मोजमाप चुकते. ट्रक म्हणजे धातूचा डोंगर. लाकडी गाडीला हा दोष नाही. म्हणजे ज्याला आपण मजबुरी समजतो ती पूर्ण विचारांती केलेली निवड होती.

विमानात चढवताना

उपग्रह रस्त्याने नेला तर खड्डे, जहाजाने नेला तर खारी हवा आणि महिनाभराचा वेळ. म्हणून दूरच्या प्रवासाला विमान. पण विमानाचे स्वतःचे चार नखरे असतात.

पहिला नखरा दाबाचा. विमान वर चढते तशी बाहेरची हवा विरळ होत जाते आणि मालाच्या कक्षातला दाबही कमी होतो. विमानात चिवड्याचे पाकीट फुगलेले हाजींनी पाहिले असेल. तेच इथे पेटीचे होते. पूर्ण बंद पेटी फुगेल, उतरताना दबेल. म्हणून तिला श्वास घेता यावा यासाठी झडप ठेवतात आणि त्या झडपेला गाळणी लावतात, की आत हवा येईल पण धूळ येणार नाही.

दुसरा नखरा तोलाचा. विमानात माल कुठे ठेवला यावर त्याचे उडणे अवलंबून असते. शेपटीकडे जास्त भार गेला तर नाक वर उचलले जाते, पुढे जास्त झाला तर नाक उचलता येत नाही. बैलगाडीत माल पुढे झाला तर बैलांच्या मानेवर ओझे येते आणि मागे झाला तर जू वर उचलले जाते, हे आपल्या दादा-आजोबांना ठाऊक होते. नियम तोच आहे, फक्त इथे तो किलो आणि इंचात मोजावा लागतो.

तिसरा, बांधणीचा. विमान ब्रेक लावते, हवेच्या खळग्यात आदळते, एका अंगावर कलते. प्रत्येक वेळी माल वेगळ्या दिशेला सुटू पाहतो. म्हणून पुढे, मागे, वर आणि दोन्ही बाजूंना किती ओढ सहन झाली पाहिजे याचा हिशेब करून साखळ्या आणि पट्टे लावतात. उंट आधी बांधा आणि मग तवक्कुल करा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. मालवाहू विमानात काम करणारा लोडमास्टर शब्दशः हेच करत असतो.

चौथा, इंधनाचा. यानाच्या स्वतःच्या टाकीत भरायचे इंधन विषारी आणि स्फोटक असते. म्हणून विमानात नेताना यान सहसा रिकाम्या टाकीने जाते आणि इंधन प्रक्षेपण तळावर भरतात.

याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘निसार’, भारत आणि अमेरिका यांनी मिळून केलेला पृथ्वीनिरीक्षण उपग्रह. त्याचा मोठा भाग मार्च २०२३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या सी-१७ विमानाने कॅलिफोर्नियाहून बंगळुरूला आला. पुढे चाचण्यांत लक्षात आले की बारा मीटर व्यासाची त्याची जाळीची तबकडी घडी केलेल्या अवस्थेत उन्हाने अपेक्षेपेक्षा जास्त तापू शकते. मग काय केले? तबकडी पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवली, तिच्यावर खास लेप लावला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाच्या सी-१३० विमानाने ती परत बंगळुरूला आणली. उड्डाण लांबले. पण ३० जुलै २०२५ रोजी निसार श्रीहरिकोट्याहून सुखरूप वर गेला. शंका आली तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला परत पाठवायचे, पण ‘चालून जाईल’ म्हणायचे नाही, ही या कामाची रीत आहे.

रमजानच्या तोंडावर निघालेले ‘अल-अमल’

आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल असे उदाहरण संयुक्त अरब अमिरातीचे. त्यांचे मंगळयान ‘अल-अमल’, म्हणजे आशा. इंधनासह वजन सुमारे १३५० किलो. ते सुटणार होते जपानच्या तानेगाशिमा बेटावरून, जुलै २०२० मध्ये. आणि त्याच वर्षी मार्चपासून सगळे जग कोरोनाने बंद पडले. विमाने जमिनीवर, सरहद्दी बंद, परदेशातून आलेल्या प्रत्येकाला दोन आठवडे विलगीकरण.

मंगळाला जायची वेळ आपल्या सोयीने ठरत नाही. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात सुमारे २६ महिन्यांतून एकदा. ती संधी हुकली की दोन वर्षांहून अधिक थांबणे. म्हणून अमिरातीच्या अभियंत्यांनी ठरवले की यान ठरल्या वेळेपेक्षा सुमारे तीन आठवडे आधीच हलवायचे. माणसांच्या तीन तुकड्या केल्या. पहिली एप्रिलच्या सुरुवातीलाच जपानला गेली आणि विलगीकरणात बसली, म्हणजे यान पोहोचेल तेव्हा ते उतरवून घ्यायला मोकळी माणसे हजर असतील. दुसरी यानाबरोबर गेली आणि पोहोचल्यावर तिने विलगीकरण भोगले. तिसरी मायदेशी राखीव राहिली.

यान दुबईच्या अवकाश केंद्रातून अतिशय मंद वेगाने विमानतळावर नेले. तिथे ते अँटोनोव्ह एएन-१२४ या अजस्र मालवाहू विमानात चढवले. या विमानाचे नाक वर उघडते आणि ते पुढच्या चाकांवर उंटासारखे खाली बसते, म्हणजे माल सरळ आत घेता येतो. सुमारे अकरा तासांत ते जपानच्या नागोयाला पोहोचले. तिथून रस्त्याने बंदरावर आणि बंदरातून जहाजाने तानेगाशिमाला. सारा प्रवास ८३ तासांचा झाला. दुबईत रमजानचा चांद दिसण्याचे ते दिवस होते. घरी सहेरी-इफ्तारची तयारी चाललेली आणि ही मंडळी परक्या देशात, बंद खोल्यांत, एका पेटीची राखण करत बसलेली. यान २० जुलै २०२० च्या पहाटे सुटले आणि ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. या मोहिमेच्या वैज्ञानिक चमूचे नेतृत्व सारा अल अमिरी यांच्याकडे होते आणि त्या चमूत बहुसंख्य महिला होत्या. आपल्या मुलींना हे आवर्जून सांगावे.

पाठीवर घेतलेले ओझे

पेटीत मावणाऱ्या यानाचे हे झाले. पण जे यान कुठल्याच विमानाच्या पोटात मावत नाही त्याचे काय? अमेरिकेच्या स्पेस शटलपुढे हा प्रश्न होता. लांबी सुमारे ३७ मीटर, पंखांची रुंदी सुमारे २४ मीटर, वजन ७५ टनांच्या वर. ते फ्लोरिडातून सुटे. परतताना हवामान बरे नसले की कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, एडवर्ड्स तळावर उतरे. मध्ये सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जमीन. उतरताना शटल इंजिनाविना, नुसते तरंगत येई. म्हणजे स्वतः उडून परत जाणे शक्यच नव्हते.

उपाय निघाला तो असा की १९७४ मध्ये नासाने अमेरिकन एअरलाइन्सचे एक वापरलेले बोईंग ७४७ विकत घेतले. आतल्या बहुतेक खुर्च्या आणि सामान काढून ते हलके केले, पाठीचा सांगाडा मजबूत केला आणि वर तीन खुंट बसवले. एक पुढे, दोन मागे. त्या तीन खुंटांवर शटल बसवायचे. पुढच्या नाहीतर मागच्या खुंटाजवळ कुणा विनोदी कामगाराने सूचना लिहून ठेवली होती की शटल इथे जोडा आणि काळी बाजू खाली ठेवा.

जोडणे हेच मोठे काम. त्यासाठी लोखंडी सांगाड्याची एक उंच मांडणी उभारली होती. शटल त्यात वर उचलून धरायचे, खाली विमान सरकवत आणायचे आणि मग इंच इंच करत खाली सोडायचे. शटलच्या मागच्या बाजूला इंजिनांची तोंडे उघडी असतात. त्यांच्यामुळे हवेत भोवरे होतात आणि ओढ वाढते. म्हणून त्यावर निमुळते झाकण बसवायचे. शटलच्या आडोशामुळे विमानाच्या स्वतःच्या शेपटीला स्वच्छ हवा मिळत नसे, म्हणून शेपटीच्या आडव्या पंखांच्या टोकांना दोन उभ्या फळ्या जोडल्या. तेव्हा कुठे ते सरळ उडू लागले.

आणि उडून किती दूर? मोकळे असताना जे विमान दहा हजार किलोमीटर जाऊ शकते, ते पाठीवर शटल घेऊन जेमतेम अठराशे किलोमीटर जाई. इंधन भरायला वाटेत थांबे घ्यावे लागत. प्रवासी विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, ढगांच्या वरून जातात. हे साडेचार किलोमीटरच्या आसपास, ढगांच्या मधून चाले. खरी अडचण इथेच होती. शटलच्या अंगावर उष्णतेपासून बचाव करणाऱ्या सुमारे चोवीस हजार फरशा होत्या, वाळूतल्या सिलिकापासून बनवलेल्या, आतून बहुतांशी पोकळ, बर्फीसारख्या ठिसूळ. पाऊस लागला तर त्या पाणी पितात. आणि त्या वेगाने येणारा पावसाचा थेंब त्यांना खड्डा पाडतो. म्हणून शटल घेतलेल्या विमानाच्या सुमारे दीडशे किलोमीटर पुढे दुसरे एक विमान हवामान पाहत जाई. पुढे ढग दिसले की मार्ग बदला, नाहीतर खाली उतरून दोन दिवस थांबा. हा सगळा खटाटोप प्रत्येक वेळी दहा लाख डॉलरच्या वर जाई.

मार्च १९७९ मध्ये ‘कोलंबिया’ शटल पहिल्यांदा असे हलवले तेव्हा तात्पुरत्या चिकटवलेल्या कित्येक फरशा उड्डाणातच सुटून पडल्या. त्यानंतर फरशा पक्क्या करण्यात दोन वर्षे गेली आणि १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया पहिल्यांदा अवकाशात गेले. एवढी काळजी कशासाठी, हे पुढे जगाने पाहिले. सुटताना सैल होऊन आदळलेल्या, किलोभरही न भरणाऱ्या फोमच्या तुकड्याने त्याच कोलंबियाच्या डाव्या पंखाची कड फोडली आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर कल्पना चावलांसह सात जण गेले.

याच शटलांपैकी ‘डिस्कव्हरी’ने १७ जून १९८५ रोजी सौदी अरेबियाचे सुलतान बिन सलमान यांना अंतराळात नेले. अंतराळात जाणारे ते पहिले मुसलमान. त्या सालची ईदुल फित्र याच मोहिमेच्या दिवसांत आली. २४ जूनला डिस्कव्हरी एडवर्ड्सला उतरले. सुलतान घरी परतले, जगभर त्यांचे फोटो छापून आले. आणि ज्या यानाने त्यांना नेले-आणले ते त्यानंतर विमानाच्या पाठीवर बसून, थांबत थांबत, फ्लोरिडाला गेले. ही दुसरी सफर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नव्हती.

सोव्हिएतांनीही आपल्या ‘बुरान’ यानासाठी असाच मार्ग धरला. कझाकस्तानातल्या बायकोनूर तळापर्यंत बुरान नेण्यासाठी त्यांनी जगातले सर्वांत मोठे विमान, एएन-२२५ ‘म्रिया’ बांधले. सहा इंजिने, बत्तीस चाके. ते पहिल्यांदा उडाले २१ डिसेंबर १९८८ रोजी. बुरान मात्र एकदाच अवकाशात गेले, १५ नोव्हेंबर १९८८ रोजी, तेही माणसाशिवाय. यान संपले, विमान मात्र पुढे अनेक वर्षे जगभर जड माल वाहत राहिले. मे २०१६ मध्ये प्रागहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला वीजनिर्मितीचे शंभर टनांहून जड यंत्र नेताना ते हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर थांबले, तेव्हा पाहायला गर्दी झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यात ते नष्ट झाले. माणसाने इतक्या मेहनतीने बनवलेली चीज एका दिवसाच्या लढाईत गेली.

चित्रदुर्गच्या आकाशात

आपल्या देशातही पंखांचे यान हवेत उचलून नेण्याचा प्रयोग झाला आहे आणि तो आपल्या शेजारच्या कर्नाटकात. पुन्हा वापरता येईल असे यान बनवण्यासाठी इस्रोने ‘पुष्पक’ नावाचा नमुना तयार केला. ते अवकाशातून परत येईल तेव्हा धावपट्टीवर कसे उतरेल, हे तपासायचे होते. त्यासाठी यान आधी उंचावर न्यायला हवे. २ एप्रिल २०२३ रोजी चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरे इथे हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने ते पोटाखाली टांगून साडेचार किलोमीटर उंचीवर नेले आणि सोडले. पुढे यान स्वतःच मार्ग काढत धावपट्टीवर उतरले. हेलिकॉप्टरने पंखांचे यान इतक्या उंचीवर नेऊन सोडण्याचा आणि ते धावपट्टीवर उतरण्याचा जगातला हा पहिला प्रयोग.

क्रेनच्या हुकाला टांगलेला माल वाऱ्याने कसा झुलतो, हे ज्याने वाळूजच्या एखाद्या शेडमध्ये पाहिले असेल त्याला इथली अडचण लगेच कळेल. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वारा सरळ खाली येतो. टांगलेले यान नुसते लोखंड नसून त्याला पंख आहेत. म्हणजे वारा लागला की ते स्वतःच उडू पाहते. झोका वाढला तर वैमानिकाला माल सोडून द्यावा लागतो. सोडताना यान नीट सुटले नाही तर ते तिरके होऊन पडेल. हे सगळे जमले. मग मार्च २०२४ आणि जून २०२४ मध्ये इस्रोने मुद्दाम कठीण परिस्थिती निर्माण केली. यान धावपट्टीच्या सरळ रेषेत न सोडता बाजूला सोडले. तिसऱ्या वेळी, २३ जून २०२४ ला, ते ५०० मीटर बाजूला होते. तरी त्याने स्वतः दिशा सुधारली आणि ताशी ३२० किलोमीटरच्या वेगाने जमिनीला टेकले. प्रवासी विमान टेकते ते साधारण २६० ला.

महाराष्ट्रातून निघालेला ट्रेलर

आता एक गोष्ट आपल्या राज्यातली. ८ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्रातून ७४ चाकांचा एक ट्रेलर निघाला. त्यावर होते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी बनवलेले एक ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब आणि उष्णता देऊन अग्निबाणाचे हलके पण मजबूत भाग पक्के करण्याची भट्टी. वजन सुमारे ७० टन, उंची सात मीटरच्या वर, रुंदीही जवळपास तेवढीच. ते ना रेल्वेच्या डब्यावर मावत होते ना विमानात. रस्त्याने न्यायचे तर दिवसाला पाच किलोमीटर. पुढे वीज कंपनीची माणसे तारा उचलत, कुठे झाडांच्या फांद्या छाटत, कुठे पूल भार पेलेल की नाही ते आधी पाहत. मध्येच टाळेबंदी लागली आणि महिनाभर गाडी जागेवर उभी राहिली. तीसच्या आसपास माणसे त्या गाडीबरोबर होती. जुलै २०२० मध्ये, बरोब्बर वर्षाने, ते केरळात पोहोचले.

या माणसांचा फोटो फारसा कुणी पाहिला नाही. आम्हाला वाटते की आपल्या समाजाने विचार करावा असा मुद्दा इथे आहे.

केरळच्या बेपूर बंदराजवळ मापिला खलाशी म्हणून मुसलमान कामगारांची परंपरा आहे. लाकडी उरू जहाजे कप्पी, दोर आणि सामूहिक जोराने पाण्यात ढकलणे हा त्यांचा पिढीजात धंदा. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण इथे रेल्वेचे डबे अष्टमुडी तलावात कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा पाण्यातले डबे बाहेर काढायला या खलाशांना बोलावले होते. म्हणजे ओझे उचलणे हे नुसते बळाचे काम नाही. कुठे दोर बांधायचा, कुठे आधार द्यायचा, कधी थांबायचे, याचे ते शास्त्र आहे; आणि ते शास्त्र अशा माणसांच्या हातात होते ज्यांच्याकडे पदवी नव्हती.

आपल्या शहरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे रोज शेकडो टन माल उचलला-ठेवला जातो. क्रेनचे ऑपरेटर, ट्रेलरचे ड्रायव्हर-क्लीनर, फॅब्रिकेशनचे वेल्डर, यांत आपली किती मुले आहेत हे प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे. ती शिकतात उस्तादाच्या हाताखाली, बघून बघून. हात तयार होतो, पण कागद तयार होत नाही. मग पंधरा वर्षे क्रेन चालवलेला माणूस रोजंदारीवरच राहतो आणि मोठ्या कंपनीचे काम निघाले की प्रमाणपत्र असलेला बाहेरचा माणूस येतो. दुसरी गोष्ट जिवाची. किती टनांची क्रेन, किती झुकल्यावर तिची ताकद किती घटते, हा तक्ता क्रेनच्या केबिनमध्येच लावलेला असतो. तो वाचता आला तर क्रेन उलटत नाही. ‘एवढ्याने काय होते’ म्हणत झिजलेला पट्टा वापरला, टांगलेल्या मालाखालून माणूस गेला, तर नुकसान कंपनीचे नव्हे, त्या घराचे होते. आणि ते घर आपल्यापैकीच एकाचे असते.

वर सांगितलेल्या प्रत्येक मोहिमेत काम करणारी माणसे याच नियमांनी बांधलेली होती. दुबईचा अभियंता असो की फ्लोरिडातला क्रेनवाला, आधी मोजमाप, मग कागदावर नोंद, मग दुसऱ्याची तपासणी आणि शेवटी उचल. त्यांची यंत्रे आपल्यापेक्षा महाग होती एवढाच फरक. नियम पाळायला पैसे लागत नाहीत.

म्हणून घरातल्या मोठ्यांना आमची तीन कामांची विनंती आहे. दहावीनंतर कामाला लागलेल्या मुलाला आयटीआयच्या एखाद्या अभ्यासक्रमाला घाला. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे हातकामाचेच पण बारकाईचे शिक्षण मिळते, त्याची चौकशी करा. जो भाऊ किंवा बेटा आधीच क्रेन वा ट्रेलरवर आहे त्याला विचारा की विमा आहे का, परवाना जड वाहनाचा आहे का, पट्टे शेवटचे कधी तपासले. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुला-मुलींना घेऊन एमजीएमच्या आवारातल्या ए. पी. जे. अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्राला जा. मुलींना घरी ठेवून फक्त मुलांना नेऊ नका. डॉ. कलाम ज्या थुंब्याच्या तळावर घडले, तिथे सुरुवातीच्या काळात अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. सायकल धरणाऱ्या हातालाही माहीत होते की आपण काय नेत आहोत.

दुसऱ्याने भरवशाने सोपवलेली वस्तू जशीच्या तशी पोहोचवणे याला आपल्याकडे अमानत म्हणतात. ती कोट्यवधींचे यान असो, शेजाऱ्याने हजहून आणायला सांगितलेला जमजमचा कॅन असो, की ट्रेलरवर चढवलेले कुणाचे यंत्र असो. जो ती नीट बांधतो, नीट नेतो आणि नीट उतरवतो, त्याच्या रोजीत अल्लाह बरकत देवो आणि तो रोज संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचो. आमीन.